झोप न आणणारी गोळी

शिंकांची माळच लागली तशी करुणानं काउंटरवरून मान वर केली. औरंगपुऱ्यातल्या तिच्या वडिलांच्या मेडिकलच्या पायरीवर एक उंच तरुण उभा होता. डोळे लालबुंद, तरी हसरे. तो ऋतुराज. लेणी बघायला आलेल्या पर्यटकांना गाडीतून फर्दापूरला न्यायचा, अन् रस्त्याच्या धुळीनं पार हैराण झाला होता.

शिंकांवर त्याला झोप न आणणारी, महागडी गोळी लागायची. कंपनीच्या विम्यातून ती मिळावी म्हणून त्याची खटपट सुरू झाली, आणि त्याच्या बोलण्यात विमा कंपनीतली तनुजा शिरली. तनुजा मॅडम असं म्हणाल्या, तनुजा मॅडम तसं म्हणाल्या... तिचा फोन आला की हा पायरीवर जाऊन हसत बोलायचा, आणि आत करुणाचा जीव नुसता जळायचा.

"विमावाले म्हणतात, आधी साधी गोळी घ्या," एकदा तो म्हणाला. "काय करू?"

साध्या गोळीनं गुंगी येते आणि हा माणूस गाडी चालवतो, एवढं डॉक्टरांनी लिहून दिलं तर काम होण्यासारखं होतं. करुणाच्या अगदी ओठांवर आलं... तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"विचारा की तुमच्या तनुजा मॅडमना," ती म्हणाली.

पुढच्या खेपेला तो आला तो कपाळाला पट्टी बांधूनच. साधी गोळी घेतली, येताना डुलकी लागली, गाडी झाडाला घासली. नशीब, गाडीत दुसरं कुणी नव्हतं.

करुणा तशीच उठली, त्याला समोरच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली, हवं ते लिहून घेतलं. जिना उतरताना तिला राहवलं नाही.

"असं लिहून घेतलं की काम होतं, मला आधीच माहीत होतं. रागात सांगितलं नाय."

"माझा राग?"

"तनुजाचा."

तो तिच्याकडं बघत राहिला. मग कागद खिशात घालून निघाला.

विमा मंजूर झाला. औषध आता विमा कंपनीनं ठरवलेल्या सिडकोतल्या दुकानात मिळायला लागलं, आणि ऋतुराज यायचा थांबला. कुणी शिंकलं की करुणाची नजर पायरीकडं जायची. आता तनुजाच भेटत असेल त्याला, रोज...

एका संध्याकाळी तो आला. डोळे स्वच्छ.

"काय देऊ?" तिनं कोरडेपणानं विचारलं.

"काय नको. औषध तिकडं मिळतंय."

"मग? तनुजा मॅडम बऱ्या आहेत ना?"

"असतील. मी त्यांना अजून बघितलं बी नाय. सगळं फोनवरच." तो घुटमळला. "रोज यावं वाटायचं. पण बरं वाटत असताना मेडिकलात काय म्हणून यायचं माणसानं?"

"चहा प्यायला आलो म्हणायचं," करुणा म्हणाली, आणि बाबांना काउंटरवर बसायला हाक मारली.