तोच डोस, दुसरं घर

बायको, सुगंधा, गेली हे दत्तारामला चहा घेऊन आत गेल्यावर कळलं. तोवर तो तिला गाढ झोप लागली आहे असंच समजत होता. तिच्या कमरेला लावलेल्या वेदनाशामक औषधाच्या पंपाचा दिवा हिरवाच होता. चारचा डोस वेळेवर, मोजून गेला होता.

डोंबिवलीहून गावी येऊन त्यांना एकच दिवस झाला होता. शिमग्याची पालखी घरी येईल तेव्हा देवीची ओटी आपल्याच हाताने भरायची, असा तिचा हट्ट होता. प्रवास चालेल, फक्त डोस बदलू नका, असं दवाखान्यातून सांगितलं होतं. त्याने बदलला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांनी पंपाची नोंद तपासली होती. आठ महिने एकाच खोलीत, एकाच वेळी औषध मिळत होतं. ती खोली दिसली की औषध येणार हे शरीराला कळायचं आणि ते आधीच स्वतःला सावरून घ्यायचं. त्यामुळे औषध कमी पडे, आणि पंप डोस वाढवत जाई. गावच्या घरात शरीराला काहीच ओळखीचं दिसलं नाही. ते बेसावध राहिलं, तोच डोस जास्त झाला आणि श्वास मंदावत गेला.

"पंपाला जागा कळत नाही," त्या म्हणाल्या. "नव्या जागी निम्माच द्यायला हवा होता, आणि कोणीतरी श्वासाकडे बघत बसायला हवं होतं. हे आम्हालाही आता कळतंय."

दत्तारामला वरच्या वाडीतला मनोहर पाष्टे आठवला. त्याने आजच सकाळी विरारहून आईला आणलं होतं. तिलाही तोच पंप होता, चारचीच वेळ. मनोहर फोन उचलेना. दत्ताराम चढण चढून गेला.

पाष्ट्यांच्या अंगणात पालखी नाचत होती. पालखीच्या गड्यांनी त्याला अंगणाच्या दगडी गडग्यापाशीच अडवलं. सुतकातला माणूस पालखीसमोर कसा येऊ द्यायचा? ढोलाच्या आवाजात त्याचं बोलणं कोणाला ऐकू जाईना. शेवटी मनोहर बाहेर आला.

"दादा, दहा दिवस तरी थांबायचं होतं."

"आईचा पंप बंद कर. आधी बंद कर, मग शिव्या दे."

"डोस बदलू नका म्हणालेत दवाखान्यात."

"मलाही तेच म्हणाले होते, मनोहर."

मनोहरने मागे पालखीकडे पाहिलं, मग घराकडे. गडी अजून दत्तारामला धरून होते. चारला सहा मिनिटं कमी होती, आणि माजघरात म्हातारीचा पंप अजून कोणी बंद केला नव्हता.