काळी नाडी

दादाची अळंबीची जागा नेमकी कुठे होती? योसुकेने हे दादाला विचारलं, आईला विचारलं, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं. उत्तर कोणीच दिलं नाही. जपानमधल्या आकिताच्या त्या डोंगरगावात रीतच तशी होती. अळंबीची जागा सख्ख्या भावालासुद्धा सांगायची नाही. दादा गेन्पेई तर हसून म्हणायचा, "मी मेल्यावर विचार, शेंबड्या."

नऊ दिवसांपूर्वी गेन्पेई टोपली घेऊन ओकच्या रानात शिरला, तो परतलाच नाही. गावकऱ्यांनी सहा दिवस रान पालथं घातलं, मग अस्वलाने नेलं म्हणाले आणि आपापल्या कामाला लागले. आई मात्र रोज सकाळी त्याच्या जेवायच्या जागेवर भात आणि गरम सूप मांडत होती. स्वतः घास घेत नव्हती. रडतही नव्हती.

"त्याचं काहीतरी आण रे," ती म्हणाली. "चिंधी आण, बूट आण. मग मी रडेन."

योसुके तडक उठला. कुंपणापाशी शेजारचे तोकुझो आजोबा धुरावर टांगून सुकवायचे मुळे बांधत होते.

"कमरेला घंटा बांध," ते म्हणाले. "तुझं थोबाड बघूनच अस्वल पळेल म्हणा." मग त्यांचा आवाज उतरला. "आणि ऐक. डोंगरात माणूस हाक मारतो ती दोनदा. एकदाच आली, तर ओ देऊ नकोस."

योसुकेला एवढंच ठाऊक होतं की दादा आणायचा ती मधाच्या रंगाची अळंबी ओकची मुळं कुजवून जगते, आणि मूळ कुजलं की झाड शेंड्याकडून वाळतं. म्हणून तो मान वर करून शेंडे बघत निघाला. वाळलेला एक ओक, पुढे दुसरा, पुढे तिसरा... कोणीतरी हात लावत गेल्यासारखे एका रांगेत. दुपार होती, पण धुकं एवढं दाटलं होतं की कमरेची घंटाही कुठेतरी लांब वाजत असल्यासारखी वाटत होती. ओल्या, कुजक्या लाकडाचा वास घशात बसत होता.

शेवटच्या ओकच्या बुंध्याशी दादाचे बूट होते. शेजारी शेजारी, टाचा झाडाला लावलेले.

त्याने हात घालून पाहिलं. आत नुसता ओला पाला. त्याला हसू आलं की रडू, त्याचं त्यालाच कळेना. मिळाले! आता आई रडेल, जेवेल. त्याने बूट उचलायला घेतले, पण ते हलेनात. उजव्या बुटाच्या नाडीच्या भोकांतून सालीखालून आलेली काळी, चिवट मुळी ओवलेली होती. अळंबीची मुळी झाडाखाली अशीच पसरते, हे त्याने पाहिलं होतं. पण ही वर गाठ मारून थांबली होती. दुहेरी गाठ, डाव्या बाजूला ओढलेली. दादा मारायचा तशीच.

योसुकेने चाकू काढला आणि मुळी कापली. आत पांढरं होतं, आणि धुक्याच्या अंधारात ते मंद, निळसर उजळलं.

"योसुके..."

एकदाच. झाडाच्या आतून. काटा रुतल्यावर दादा ओठ चावून बोलायचा, तसा आवाज.

"दादा?" त्याच्या तोंडून निघून गेलं. "दादा, पुन्हा हाक मार ना... अजून एकदाच... मग तू आहेस असं मी आईला सांगतो."

दुसरी हाक आलीच नाही. कापलेल्या टोकातून थेंब थेंब पाणी गळत होतं.

हा मेला आहे की नाही? बूट न्यायचे की ठेवायचे? आईला काय सांगायचं? डोक्यात सगळा गुंता झाला. त्याने चाकू फेकून दिला आणि कापलेली दोन टोकं जोडून बांधली. मग त्याला दिसलं, डावा बूट उघडाच होता. काळी मुळी नुसती शेजारी पडली होती, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

तो गुडघ्यांवर बसला. लहानपणी दादा त्याच्या बुटांच्या नाड्या बांधून द्यायचा, तशी त्याने एकेका भोकातून ती मुळी ओवली, वर आणली आणि ओढली. त्या रिकाम्या बुटात कोणीतरी पाऊल नीट पुढे सरकवलं. योसुकेने गाठ मारली, आणि सुटू नये म्हणून तिच्यावर आणखी एक.