खुंटीवरची विजार

पेटलेल्या विमानापाशी अग्निशमनाची पहिली गाडी दोन मिनिटांच्या आत पोहोचली, याबद्दल वाद नव्हता. तिच्या तोफेतून पाणी सुटले, याबद्दलही नव्हता. वाद होता तो एवढाच की, पाण्याबरोबर फेस का आला नाही. चाकाखाली सांडलेल्या जळत्या तेलावर नुसते पाणी पडले, तेल त्यावर तरंगत पसरले, आणि घसरगुंडीच्या पायथ्याशी प्रवाशांना उतरवून घेणाऱ्या हवाईसेविकेचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

दोष चालकाच्या माथी आला. गाडीतली फेसद्रवाची टाकी काठोकाठ भरलेली सापडली आणि तो द्रव पाण्यात सोडणारी पिवळी चावी बंद होती. अर्थात ती त्याने उघडलीच नाही. उद्या चौकशी समिती बसणार होती. तिच्या पाठोपाठ नोकरी जाणार होती आणि खटलाही ठरलेला होता.

"माझा नवरा आगीसमोर गांगरणारा नाही," चालकाची बायको म्हणाली. "आणि अग्निशमन स्टेशनचा प्रमुख माझा सख्खा दादा आहे. तो मूग गिळून बसलाय. म्हणून तुमच्याकडे आले."

खासगी तपास करणाऱ्या त्या कृश गृहस्थाला सगळे शंकासुर म्हणत. त्याचे स्नेही मास्तर, म्हणजे गणित शिकवून निवृत्त झालेले सद्गृहस्थ, यांच्या मते हे नावही सौम्य होते. कारण दोन आणि दोन चार होतात हेसुद्धा शंकासुर पुराव्याशिवाय मानत नसे.

आरोपीचे प्रतिनिधी म्हणून दोघांना विमानतळाच्या अग्निशमन स्टेशनात सोडले गेले, पण चहापाणी सोडाच, बसायलाही कोणी सांगितले नाही. गाडीला सील लावणारा फौजदार जांभया देत सोबत उभा राहिला. शंकासुर शिडीवरून गाडीचा टप निरखू लागला. मास्तरही धापा टाकत चढले. टपावर त्या दिवशीच्या धुराची काजळी जाड बसली होती. फक्त फेसद्रवाच्या टाकीच्या झाकणाभोवती ताटाएवढे स्वच्छ वर्तुळ होते.

"झाकण बाकी लख्ख ठेवलंय," मास्तर कौतुकाने म्हणाले.

"फारच लख्ख," शंकासुर म्हणाला आणि उतरला.

चालक शेडच्या पायरीवर बसला होता.

"तुम्हाला कोणी बोलावलं?" तो खेकसला.

"तुमच्या बायकोने."

"मग तिलाच विचारा. चावी उघडली की नाही, ते तिला माहीत असेल."

"उघडलीत?"

"उघडली! किती वेळा तेच तेच सांगू?"

"सकाळी टाकी तपासली होतीत?"

"काटा पाहिला. पूर्ण होता."

"झाकण उघडून पाहिलं नाहीत?"

"झाकण कोण उघडतं हो? काटा मग कशाला लावलाय? इथे रुजू झाल्यापासून मी काटाच बघतो, माझ्या आधीचेही काटाच बघत." त्याने मान फिरवली. "आग विझल्यावर गाडी शेडमध्ये लावली आणि त्या भाजलेल्या पोरीबरोबर रुग्णवाहिकेत बसलो. तासाभराने परत येतो तर गाडीला सील!"

मेकॅनिकचे तोंड चालकाहून कडू होते. "त्याचा दुश्मन कोण म्हणता? मीच. गेल्या महिन्यात याच गाडीचा बंपर त्याने भिंतीला ठोकला आणि वर साहेबांना सांगितलं, ब्रेक लागत नाहीत. बायकोचा भाऊ साहेब, मग काय! सैंया भये कोतवाल. बंपर अजून तसाच चेपलेला आहे, बघून घ्या. एकाच गाडीचा आहे, चुकायचा नाही."

"अपघातानंतर तुम्ही कुठे होता?"

"संध्याकाळपर्यंत विमानाच्या पोटाखाली, जॅक लावत. पन्नास माणसांनी पाहिलंय."

"फेसद्रवाचे डबे?"

"महिनाभर कोठार रिकामं. नवे आले ते नेमके त्याच सकाळी, विमान पेटलेलं असताना. शेडच्या दाराशी उतरवून टेम्पोवाला पळाला."

कपड्यांच्या खोलीत मास्तर थबकले. भिंतीशी बुटांची रांग होती आणि प्रत्येक जोडावर जाड विजार गुंडाळून उभी केलेली, जणू आतली माणसे तेवढी विरघळून गेली होती.

"घंटा वाजली की बुटात पाय घालायचे आणि पँट वर ओढायची," मेकॅनिक म्हणाला. "बुटापासून पँट कोणी सोडत नाही. लग्नात उपरणं सुटेल, ही गाठ सुटणार नाही."

रांगेच्या टोकाला मात्र एक विजार खुंटीवर टांगलेली होती आणि तिचे बूट उपडे ठेवलेले होते.

"हे कोणाचे?"

"साहेबांचे. साहेब आता कुठे आगीत जातात!"

प्रमुखाने त्यांना दारातच उभे केले. "माझ्याच बहिणीने माझ्यामागे हेर लावले, वा! लिहून घ्या. घंटा वाजल्यापासून सील लागेपर्यंत मी नियंत्रण खोलीतली खुर्ची सोडली नाही."

त्याच्या मागे एक नवी कोरी तसबीर होती. त्यात खुर्च्यांवर पाहुणे होते, पांढऱ्या फेसाचा डोंगर होता, चकचकीत काळ्या बुटांत सलाम ठोकणारा प्रमुख होता आणि कडेला गाडीचे चेपलेले नाक होते.

"हे कधीचं?"

"अपघाताच्या आदल्या दिवशीचं प्रात्यक्षिक. वरिष्ठ आले होते. तिसरी गाडी वापरली."

"आणि तुमच्या दाजींचं काय?"

"दाजींनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. मी काय करू?"

शंकासुराने सगळ्यांना कपड्यांच्या खोलीत बोलावले. चालकाच्या बायकोला त्याने पाण्याचा मग भरून आणायला सांगितला.

"टपावरची काजळी आगीची आहे," तो म्हणाला. "झाकण आगीच्या आधी उघडलं असतं, तर ती जागाही काजळीने माखली असती. वर्तुळ स्वच्छ आहे. म्हणजे झाकण आगीनंतर उघडलं आणि सांडलेलं पुसून काढलं. भरलेली टाकी कोणी उघडेल कशाला? ती भरलेली नव्हती म्हणून."

"काटा पूर्ण होता!" चालक ओरडला.

"काटा पातळी सांगतो, आत काय आहे ते सांगत नाही. आदल्या दिवशी फेस उडवला तो तिसऱ्या नव्हे, याच पहिल्या गाडीने. तसबिरीतला बंपर चेपलेला आहे. कोठार रिकामं होतं, म्हणून टाकीत पाणी भरलं. नवे डबे आले की बदलू, तोवर काटा बघून कोणाला कळणार? आपल्या माणसांची सवय प्रमुखाला चांगली ठाऊक. डबे आले, पण विमान आधी पेटलं. मग त्या तासाभरात पाणी सोडलं, द्रव भरला, चावी बंद केली. सगळं अंगणच भिजलेलं. जास्तीचं पाणी कोणाच्या डोळ्यांवर येणार?"

"कोणीही केलं असेल!" प्रमुख गरजला. "हा मेकॅनिक—"

"तो विमानाखाली होता. आणि त्याच्या विजारीची गाठ सुटलेली नाही. तुमची सुटली आहे, विजार आणि बूट धुऊन वाळत घातले आहेत. जिच्यात तुम्ही आगीवर गेला नाहीत, ती विजार धुवायची वेळ का आली? डबे ओतताना द्रव पायावरून बुटात उतरला म्हणून. प्रात्यक्षिकात उतरला म्हणाल, तर तिथे तुमच्या पायात पॉलिशचे बूट होते. फक्त या द्रवाची खोड वाईट, साहेब. बाहेरून धुतला, तरी अस्तरात राहतो. बाई, ओता."

तिने उपडा बूट सरळ केला, पाणी ओतले आणि खळखळून हलवला. क्षणभर काही झाले नाही. मग पांढरा फेस काठावर आला, काठ ओलांडून तिच्या बोटांवरून ओघळला आणि थांबेचना.

फौजदाराची जांभई अर्ध्यावर राहिली.

"चिमे, ऐक," प्रमुखाचा आवाज बसला. "एका दिवसाचा प्रश्न होता. मला काय माहीत, नेमकं त्याच सकाळी—"

"घरी मी रोज यांना म्हणायचे," ती फेसाकडे पाहत म्हणाली, "माझा दादा वर बसलाय, तुमच्या केसालाही धक्का लागायचा नाही." तिने हातातला बूट खाली ठेवला. "त्या मुलीला आता स्वतःच्या हाताने घास घेता येत नाही, दादा. काल हे तिला भरवून आले. तू गेलास का एकदा तरी?"

चालक पुढे झाला, खुंटीवरची विजार काढून बुटांवर गुंडाळू लागला.

"हात लावू नका!" फौजदार ओरडला. "पुरावा आहे तो."

चालकाचे हात थांबले.

"माफ करा," तो म्हणाला. "अशी टांगलेली बघवत नाही."