मिरचीच्या कोठीतली ममता

"योगेंद्र! ममता अजून घर नई उनी!"

शेजारची स्वप्नाली ओरडली तसा योगेंद्र भोवरा तिथेच टाकून तिच्यासोबत पळाला. दिवाळीच्या सुटीतही त्याच्या या धाकट्या बहिणीला आजोबांनी, चुडामण आबांनी, इंग्रजी शिबिरात घातलं होतं. रनाळ्यातल्याच शांतीलाल शेठच्या मिरचीच्या गोडाउनात नवनीत सर ते चालवायचे. आज पाहुणे येणार होते, इथली पोरं किती इंग्रजी बोलतात ते बघायला!

सर पाहुण्यांना आणायला नंदुरबार स्टेशनवर गेलेले. पोरं मात्र सुटायची वेळ टळली तरी ओळीनं ताठ बसलेली.

"ममता कोठे शे रे?" योगेंद्रनं विचारलं.

सगळी गप्प!

"बहिरा व्हयनात का?"

तरी गप्प. फाटकाच्या आत इंग्रजी सोडून दुसरा शब्द काढायचा नाही, हा सरांचा नियम. सर नसले तरी त्यांची भीती तिथेच बसलेली होती.

स्वप्नालीला एक गोष्ट खटकली. योहान एकटक मागच्या कोठीच्या दाराकडे बघत होता. हा नवापूरकडच्या डोंगरातला. आईबाप मिरची वाळवायच्या कामाला आलेले. घरी कोकणी आदिवासींची बोली, मित्रांत अहिराणी. स्वप्नालीनं त्याला धरून फाटकाबाहेर ओढलं.

"आते बोल! आठे सरना नियम नई!"

"सरनी तिले कोंडं!" योहानला रडूच फुटलं. "सकायपासून! तिनी पानी मांगं व्हतं... अहिराणीम्हा!"

"मंग सांगं का नई कोनले?"

"इंग्रजीम्हा कसं सांगू? माले येत नई!"

दाराला कुलूप, किल्ली सरांच्या खिशात. "मांगला पत्रा सडेल शे, चला!" योगेंद्र ओरडला. धाड! धाड! लाथांनी पत्रा वाकला. नाकाला ओढणी बांधून स्वप्नाली आत शिरली. ठसक्यानं जीव जायची वेळ! पोत्यांच्या सांदीत ममता पडलेली. डोळे सुजून मिटलेले, ओठ फाटलेले. तिघांनी तिला ओढून अंगणात आणलं. योहान पाण्याला पळाला.

तेवढ्यात जीप आली. पाहुणे उतरले, सर उतरले, मागून आबा. पत्रा बघून सरांचा चेहरा उतरला.

"सरनी ममताले कोठीम्हा कोंडेल व्हतं, आबा! आम्ही काढं!" योगेंद्र म्हणाला.

"शाब्बास रे पोरेसहोन!" आबांनी त्याची पाठ थोपटली.

"घाईत तिला सोडायचं विसरलोच मी," सर हसत म्हणाले. आबाही हसले! पोरगी शिकते म्हटल्यावर थोडं चालायचंच!

पाहुणे ममतासमोर वाकले. "हाउ आर यू, बेटा?"

ममता खोकली. मग हात अंगाला चिकटवून ताठ उभी राहिली.

"आय ॲम फाइन, थँक यू."

टाळ्या! आबांचे डोळे भरून आले. "दखं? मन्ही नात!"

"ती बरी नई शे!" स्वप्नाली किंचाळली. "तिना डोया दखा!"

पाहुण्यांना अहिराणी कळली नाही. सरांनी बोट वर केलं. "इन इंग्लिश, स्वप्नाली."

स्वप्नालीनं तोंड उघडलं. शब्द सापडेना. टाळ्या वाजतच राहिल्या.