निळ्या रंगाखालची पट्टी

आमच्या मुलीचं, मारेताचं लग्न झालं ते साल १९८७. लग्नाचे पाहुणे अजून घरात होते, तेव्हाच गावचे मुलिपोला नव्या बसचे मालक झाले आणि ती रंगवायचं काम त्यांनी माझ्याऐवजी रोपातीला दिलं.

रोपाती माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, आमच्याकडेच राहायचा. ब्रश धरायला त्याला मीच शिकवलं. आमच्या बेटाच्या राजधानीतून, आपियाच्या बसतळावरून वीस वर्षं माझीच चित्रं गावोगाव फिरत होती: सिनेमातले मारामारीवाले, कुस्तीगीर, गिटारवाले गायक. मग रोपातीनं एका बसच्या पाठीवर लाटेतून वर येणारी गाणारी मुलगी काढली. लोक मी रंगवलेली रिकामी बस सोडून त्या बसमध्ये एकमेकांच्या मांडीवर बसून जाऊ लागले. माझी बायकोसुद्धा.

एक जूनला, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत नवी बस सगळ्यांत पुढे असणार होती. रोपाती ती रंगवत होता त्या शेडमध्ये मी रोज दुपारी जायचो, त्याची चूक शोधायला. चौथ्या दिवशी बसवर काढलेल्या लाटेखाली एक पट्टी दिसली. निळ्यात फिकट, झाडाच्या सालीच्या कापडावर काढतात तशी नक्षी, वळणात वळण अडकलेलं. इतकी सुंदर, की ती माझी असायला हवी होती.

ती कधी काढलीस, मी विचारलं.

"कुठली पट्टी, दाजी? तिथं नुसता निळा आहे." त्यानं तिच्यावरूनच अंगठा फिरवला. "चष्मा घ्या आता. सासरे झालात."

मला वाटलं, लपवतोय. दुसऱ्या दिवशी पट्टी गडद झाली होती. तिसऱ्या दिवशी तिला वास येत होता, ओल्या सिमेंटचा. आसपास कुठं बांधकाम नव्हतं. रोपाती जेवायला गेला तेवढ्यात मी ती वळणावर वळण माझ्या वहीत उतरवून घेतली.

एक गोष्ट मी तोवर कोणालाच सांगितली नव्हती. मला वाचता येत नव्हतं. संध्याकाळच्या प्रार्थनेत घरातला प्रत्येक जण एकेक वचन वाचतो; माझं वचन मी आधीच ऐकून पाठ करायचो आणि पुस्तकावर नुसतं बोट फिरवायचो. आकडे ओळखायचो. बसची नावं मालक कागदावर लिहून देत, ती मी चित्रासारखी उतरवायचो.

रोपाती परतल्यावर मी वही त्याच्यापुढे धरली. म्हणालो, ही नक्षी माझी आहे, तुझ्या आधीची.

त्यानं वळणांवरून सावकाश बोट फिरवलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"दाजी, हे तुम्ही काढलंत?"

"मीच."

"माझ्यासाठी?"

वाटलं, हरला.

"तुझ्यासाठीच. अगदी मनापासून."

त्यानं वही मिटून माझ्या हातात दिली. ब्रश धुऊन ठेवले. संध्याकाळी मुलिपोलांना निरोप गेला, की राहिलेलं काम दाजी करतील.

मी केलं. पट्टी मला पुन्हा दिसली नाही.

मिरवणुकीच्या सकाळी बसभोवती गर्दी जमली. लोक माझं नाव घेत होते. रोपाती आला नव्हता. मारेता त्याला बोलवायला गेली. तो आमच्या घराच्या पायरीवर बसलेला होता, गार पडलेला; अंगावर जखमेची एकही खूण नव्हती.

आमच्याकडे आपलं माणूस घरासमोरच पुरतात. थडग्याच्या ओल्या सिमेंटात अक्षरं पाद्रींच्या मुलानं कोरली. मी पांढरा रंग दिला, न वाचता. १९९० च्या वादळात नारळाचं झाड पडलं आणि एका अक्षराचा कोपरा उडाला.

साठी उलटल्यावर नातीनं, लिसेनं, मला अक्षरं शिकवली. पुस्तक संपलं तेव्हा ती मला अंगणात, रोपातीच्या थडग्यापाशी घेऊन गेली. म्हणाली, आता हे वाचा, आजोबा.

वाचलं. मग घरात जाऊन जुनी वही काढली.

तीच अक्षरं, तीच वळणं. वहीतल्या त्या अक्षराचाही कोपरा तुटलेला आहे.

तारीखसुद्धा आकड्यांत नाही, अक्षरांत आहे. दोन्हीकडे एवढंच लिहिलं आहे:

रोपाती, लेआतूचा मुलगा, वय एकोणतीस. मृत्यू एक जून, एकोणीसशे सत्याऐंशी.