शिवेवरची साडी

विशाखा उपकेंद्रात नर्स म्हणून रुजू झाली त्याला तेव्हा वरीसपण झालं नव्हतं. पोर नांदेडची, आणि पोस्टिंग कुठं, तर लोह्याहून अहमदपूरकडं जाताना डाव्या हाताला आत रस्ता फुटतो तिथं, कवठाळीला. दोन खोल्या, एक वजनकाटा, औषधाचं कपाट आणि कामाला सरजाबाई, सगळ्यांची आत्या. ही सरजाबाई दुपारी तीनला चहा टाकायची. समोर जेवढी माणसं तेवढे कप. मोजायची न्हाई, नुसती नजर फिरवायची आणि हात बरोबर तेवढेच कप उचलायचा. हे ध्यानात ठेवा.

तिसरा कप बहुतेक वर्षाराणीचा असायचा. तारामतीकाकूंची सून, पाचवा महिना, रोज काही ना काही निमित्त काढून यायची. "ताई, पाय सुजलेत." पाय कुठले सुजलेत, तिला बोलायला माणूस पाहिजे होतं. नवरा सोमेश लातूरला क्लासमध्ये मराठी शिकवायचा, शनिवारी यायचा.

येळवशीला तिनंच विशाखाला शेतात जेवायला बोलावलं. पौषाच्या तोंडची वेळा अमावस्या, शाळू डोक्याएवढा, सगळं गाव रानात. कडब्याची कोपी, आत चुना लावलेले पाच दगडांचे पांडव, भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातलं गार आंबील. विशाखा दोन वाट्या आंबील पिऊन सुस्तावली होती, तेवढ्यात तारामती सुनेला म्हणाली, "चल गं. औंदा पाळी आपल्या घराची हाय."

वर्षाराणी कोपीमागं जाऊन साडी बदलून आली. अंगावरची हिरवी साडी, घामेजलेली, आंबिलाचा डाग पडलेली, तारामतीनं तशीच उचलली. गावाच्या शिवेवर बांबूचं एक बुजगावणं उभं होतं, अख्ख्या गावात मिळून एकच. त्याच्यावरच्या गेल्या सालच्या चिंध्या काढल्या आणि ही साडी त्याला नेसवली. निऱ्या घालून, पदर काढून. आता पाखरं हाकायच्या बुजगावण्याला निऱ्या कोण घालतं?

"धुवून तरी द्यायची काकू," विशाखा म्हणाली.

"धुतलेली चालत न्हाई. अंगावरचीच लागती. जित्या बाईची."

"का?"

"का म्हंजी? चालत आलंय."

सोमेश हसला. "सिस्टर, प्रतीक असतंय हे. माती म्हणजे बाई, बाई म्हणजे माती. आम्ही काय खरं मानून राहिलो का?"

"प्रतीकच हाय तर तुमची पँट घाला की त्याला."

शेजारचे शेतकरी खदखदून हसले. तारामती हसली न्हाई. वर्षाराणीपण हसली न्हाई.

चौथ्या दिवशी वर्षाराणी आली ती दाराशीच थांबली. "ताई, आज सासूबाईंनी माझ्यापुरती भाकरीच टाकली न्हाई."

"भांडण झालं का?"

"भांडण झालं असतं तर बरं. ध्यानातच आलं न्हाई म्हणल्या."

मग लोह्याच्या ऑटोला तिनं हात केला, तर ऑटोवाला तिच्याकडं बघत बघत निघून गेला. मग एक दिवस घरचे बाहेरून कडी लावून रानात गेले. "मी चुलीपाशीच होते ताई. आवाज दिला, तर सासूबाई बाहेरून म्हणल्या, मांजर शिरलं वाटतंय."

विशाखाचं टाळकं सरकलं. पोटुशी बाईला उपाशी ठेवून राहिले आणि वर मांजर म्हणतात. तिनं सरजाबाईपुढं तोंड सोडलं, सासूला शिव्या, नवऱ्याला त्याच्याहून जास्त. सरजाबाई ऐकत होती आणि फडक्यानं तेच ते टेबल पुसत होती.

"पोरी, पयल्यांदा ते लुगडं आमच्या वस्तीतून जायचं," ती म्हणाली. "आमच्याच बायांचं. माझ्या आईच्या सख्ख्या बहिणीचं गेलतं. तिचं नाव आईला सांगता यायचं न्हाई, रडायची पर नाव आठवायचं न्हाई. छप्पन साली आमच्या लोकांनी धम्म घेतला आन त्याच साली ठरलं, हितून पुढं आमचं फडकंसुदिक तिथं जाणार न्हाई. काठ्या खाल्ल्या, पर दिलं न्हाई."

"मग?"

"मग काय. रीत मोडायची तर छाती लागती. त्यांनी सुना दिल्या."

"आणि त्या सुना कुठं हायत?"

"बजरंगच्या घराची पाळी होऊन गेली, त्याच्या दारात बायकी चप्पल हाय बघ. दोन सालं झाली, तिथंच पडून हाय. कुणाची, तर बजरंगला ठाव न्हाई. मला बी न्हाई." तिनं चहा गाळला आणि दोन कप पुढं ठेवले.

वर्षाराणी सरजाबाईसमोरच स्टुलावर बसलेली होती.

विशाखानं आपला कप तिच्याकडं सरकवला. आणि मग गरोदर बायांचं रजिस्टर काढलं, का काढलं ते तिचं तिला ठाऊक न्हाई. चौदा नंबरला एक बाई, खाली सोळा नंबरला दुसरी. वर्षाराणीची पंधराची ओळ कोरी. अक्षर विशाखाचं, शाई तिच्याच पेनाची, कुठं खाडाखोड न्हाई.

तिनं सोमेशला फोन लावला. मागं पोरांचा गलका होता.

"वर्षाराणीला घेऊन जा लातूरला. आजच्या आज."

त्यानं पोरांना गप्प बसवलं. मग तो अगदी नम्रपणानं म्हणाला, "कोण बोलतंय, सिस्टर का? कुणाला घेऊन जाऊ?"

"तुमच्या बायकोला."

"माझं लग्न..." कुठं तरी घंटा झाली. "सिस्टर, तास आहे माझा. नंतर बोलू."

दुसऱ्या दिवशी विशाखा कपाटातल्या गोळ्या लावत होती. मागून "ताई" आलं. मग परत "ताई" आलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा तिनं वळून पाहिलं, आणि या बाईला आपण कुठं तरी पाहिलंय, एवढंच क्षणभर तिला वाटलं.

एवढंच. पण म्हणजे आता आपणपण तिला विसरायला लागलो. आणि भीती वाटायच्या आधी राग आला, असला राग की तिनं अ‍ॅप्रनपण काढला न्हाई, तशीच निघाली. वर्षाराणीला म्हणाली, "इथंच बस. हलू नको."

दुपारचे बारा. शिवेपर्यंत शाळूतून पायवाट. वारं न्हाई, पाखरू न्हाई. त्या रानात एक पाखरू न्हाई, आणि कणसं भरलेली.

बुजगावणं पाठमोरं उभं होतं. येळवशीला त्याचं तोंड या बाजूला होतं.

साडी आता भरल्यासारखी दिसत होती. निऱ्या पोटाशी ताणल्या होत्या.

विशाखानं पदर धरला. गरम लागला, माणसाच्या अंगासारखा. "सोड," ती म्हणाली, आणि आपण बांबूला बोलून राहिलो याचीपण तिला चीड आली. तिनं हिसका दिला. निऱ्या सुटल्या. साडी हातात आली, आणि आडव्या बांबूचं टोक तिच्या अ‍ॅप्रनच्या बाहीत शिरलं.

तिनं ओढलं. निघेना.

परत ओढलं. बांबू आत सरकला, कोपरापर्यंत.

"राहू दे, मर," विशाखा म्हणाली. हात मागं करून अ‍ॅप्रन अंगातून काढला, तिथंच बांबूवर सोडला आणि साडी छातीशी धरून पळत सुटली. अ‍ॅप्रन काय, दुसरा मिळतोय.

उपकेंद्राच्या पायरीवर तारामती उभी होती, सुनेचा दंड धरून, रडत. "वर्षा, सकाळपासून कुठं होतीस गं? जेवलीस का?" वर्षाराणी सासूच्या खांद्यावरून विशाखाकडं बघून हसली. विशाखानं मागच्या अंगणात साडी जाळली आणि रजिस्टर उघडलं. पंधरा नंबरला नाव, वय, वजन, सगळं जिथल्या तिथं. त्या रात्री ती लई दिवसांनी शांत झोपली.

चार दिवसांनी दुपारी तीनला सरजाबाईनं चहा टाकला. विशाखा खुर्चीत, वर्षाराणी स्टुलावर. सरजाबाईनं नजर फिरवली आणि दोन कप उचलले. एक वर्षाराणीला दिला, दुसरा स्वतः घेतला.

"आत्या, माझा?" विशाखा म्हणाली.

"नवी नर्स कवा येती कुणास ठाव," सरजाबाई चहा फुंकत वर्षाराणीला म्हणाली. "लई दिस झालं, जागा रिकामीच हाय."

"आत्या."

वर्षाराणीनं मान वर केली. खुर्चीकडं बघत राहिली, कपाळाला आठी घालून, काही तरी जिभेवर असल्यासारखी. मग आठी गेली. चहा संपवून ती उठली, एक हात पोटावर ठेवून दारापर्यंत गेली आणि तिथं थांबली.

"आत्या, ही चप्पल कुणाची हो?"

"कुणास ठाव," सरजाबाई म्हणाली, आणि तिनं ती झाडूनं भिंतीकडं सारली.