तिसरा कौल

कुसगावच्या बाजारात हल्ली लोक मासळीच्या भावाआधी निवडणुकीचा कौल विचारत. सुलभा मासेवाली पाटी उतरवायच्या आधी मोबाइलवरचं कौलयंत्र उघडी आणि नगराध्यक्ष कोण होणार ते बघून घेई. देवळात गुरव देवाला पाकळ्या लावतो, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यावरूनच यंत्राचं हे नाव पडलं होतं. देव कधीमधी चुकायचा, यंत्र मात्र सहसा नाही.

निवृत्त शिक्षिका रेवती धामणकर ही तिसरी उमेदवार होती. दोन्ही मोठ्या पक्षांना बंद पडलेलं प्रसूतिगृह पाडून तिथे व्यापारी संकुल हवं होतं. भांडण काय ते त्याला नाव कोणाचं द्यायचं एवढंच. गावच्या बायकांना बाळंतपणासाठी घाट चढून जिल्ह्याला जावं लागे. रेवतीचं पहिलं नातवंड त्या घाटातच, गाडीत गेलं. आता तिची मुलगी पल्लवी पुन्हा पोटुशी होती. प्रसूतिगृह उघडा, एवढंच रेवती मागत होती.

"दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ," ती प्रचारात हसून म्हणायची.

"तीन तिघाडा, काम बिघाडा," असं उत्तर दोन्ही पक्ष एका सुरात द्यायचे.

सुलभाने रेवतीच्या पिशवीत दोन बांगडे जास्तच टाकले. "बाये, तुजा म्हणणा खरा. पण कौल एक तर उजवो, नायतर डावो. तिसरो कौल कोणी बघल्यान हा? मत फुकट कशाक घालवू?"

यंत्र प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायचं. तुम्हाला कोण हवं? मग अंदाज दाखवून, आता मत कोणाला देणार? पहिलं उत्तर निकालापर्यंत कुलूपबंद राही आणि अंदाज दुसऱ्यावरच बेतला जाई. पहिला अंदाज मात्र जुन्या निकालांवरून निघे, आणि कुसगावात तिसरा निवडून आल्याचं त्यांत कुठेच नव्हतं, म्हणून सुरुवातीलाच रेवतीपुढे अगदी लहान आकडा आला. तो पाहून लोक कचरले. लोक कचरले म्हणून आकडा आणखी घसरला.

निकालात रेवतीची अनामत जप्त झाली. संध्याकाळी नियमाप्रमाणे कुलूपबंद उत्तरं उघडली. निम्म्याहून जास्त गावाला रेवतीच हवी होती. बाजारात कोणी कोणाच्या नजरेला नजर देईना.

ती घरी आली तेव्हा पल्लवी रडत होती.

"आई, मीसुद्धा तुला मत दिलं नाही गं. कौलात तू कुठेच नव्हतीस. त्या दोन पक्षांतल्या एकाने निदान रुग्णवाहिका देतो म्हटलं होतं. वाटलं, पोटातल्यासाठी तेवढी तरी मिळू दे."

रेवतीला आधी राग आला. मग त्याहून मोठं दुःख दाटून आलं, कारण मुलीचं काहीच चुकलेलं नव्हतं. एकट्या माणसाने दुसरं करायचं तरी काय?

"बरोबरच केलंस तू," ती म्हणाली. "सगळ्यांनीच बरोबर केलं." आणि तिला रडू आवरेना.

"तोच पक्ष निवडून आलाय. गाडी येईल ना?" पल्लवी म्हणाली.

"येईल. पण जाणार त्याच घाटातून."

पल्लवीने आईचा हात घट्ट धरला. तिने विचारलं, "आई, सगळ्यांना तूच हवी होतीस, तर मग तुला पाडलं कोणी?"